पत्रकारितेला प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन काय पाहायचं?

बारावीनंतर डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं असेल तर लातूर-नांदेडात गल्लीतला कुणीही तुम्हाला कट-ऑफ, राउंड, कोटा सगळं तोंडपाठ सांगेल. पत्रकारितेचं तसं नाही. ‘कुठलंही कॉलेज घे, पदवीशी मतलब’ असं सांगणारेच जास्त भेटतात. हा सल्ला ऐकू नका. मुलाखतीला बसलेला संपादक पदवीचा कागद बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘शिकताना काय लिहिलंस? दाखव.’ त्या वेळी दाखवायला काहीतरी हातात असावं, याची सोय काही महाविद्यालयांत असते आणि काहींत फक्त पाटी असते. हा फरक ओळखता येतो. निकालानंतरचे आठ-दहा दिवस त्यासाठी राखून ठेवा.

पायरी १: आधी मार्ग ठरवा

रस्ते तीन आहेत. बारावीनंतर थेट पत्रकारिता व जनसंवादाची पदवी. कोणतीही पदवी घेऊन मग दोन वर्षांचं एम.ए.; किंवा पदवीनंतर एक वर्षाचं बी.जे. (पत्रकारितेची पदवी) अथवा पदव्युत्तर पदविका. पहिल्या रस्त्यावरच्या पदवीला विद्यापीठागणिक वेगळं नाव आहे. कुठे बी.ए. मास कम्युनिकेशन अँड जर्नालिझम, मुंबई विद्यापीठात बी.ए.एम.एम.सी., म्हणजे पूर्वीचं बी.एम.एम. नावावर अडू नका, पण एक गोष्ट नीट तपासा. काही ठिकाणी पत्रकारिता हा साध्या बी.ए.मधला एक विषय असतो, आणि भिंतीवरचा फलक मात्र ‘पत्रकारिता अभ्यासक्रम’ असं सांगतो. माहितीपुस्तिकेत पदवीचं पूर्ण नाव वाचा आणि पत्रकारितेचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे श्रेयांक, मोजा. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. मुख्य विषयाचा वाटा त्यात निम्म्याच्या आसपास असायला हवा. तो पाव भागाहून कमी दिसला तर ती पत्रकारितेची पदवी समजू नका.

चार वर्षं करायची का, हाही प्रश्न येतो. चौथं वर्ष पूर्ण केलं की धोरणानुसार एम.ए. एका वर्षात करता येतं. पण चौथं वर्ष तुमच्या महाविद्यालयात प्रत्यक्ष सुरू आहे की ‘पुढे सुरू होईल’ असं सांगतात, ते आधी विचारा.

आमचं मत स्पष्ट सांगतो. मराठी दैनिकात बातमीदारी करायची असेल तर राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इतिहासात पक्की बी.ए. आणि त्यावर पत्रकारितेचं एम.ए., हा रस्ता चांगला. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचता येणारा बातमीदार प्रत्येक आवृत्तीला हवा असतो आणि सहज मिळत नाही. शेतीविषयक पत्रकारिता करायची असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून बी.एस्सी. कृषी करून पुढे पदविका घेतलेला माणूस सोयाबीनवरच्या यलो मोझॅक रोगाबद्दल जे लिहील, ते बाकीच्यांना जमत नाही. उलट कॅमेरा, व्हिडिओ संपादन, ध्वनी, जाहिरात यात जायचं असेल तर बारावीनंतर थेट माध्यमाच्या पदवीला जा. ती कामं हाताला वळण लागण्याची आहेत, तीन वर्षं कमीच पडतात.

पायरी २: पाच-सहा नावांची यादी

मराठवाड्यात दोन राज्य विद्यापीठांचे पट्टे आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे १९५८ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. पत्रकारितेचं शिक्षण दोन्हींच्या मुख्य परिसरात आहे. नांदेडला ते माध्यमशास्त्र संकुलात चालतं. छत्रपती संभाजीनगरात एमजीएम या खाजगी विद्यापीठाचं वृत्तपत्रविद्या व जनसंवाद महाविद्यालयही आहे. याशिवाय संलग्न महाविद्यालयं. त्यांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच काढा, जाहिरातीवरून नको. यादीत महाविद्यालयाच्या नावासमोर हा अभ्यासक्रम लिहिलेला आहे ना, ते बघा. महाविद्यालय संलग्न असतं, पण नव्या अभ्यासक्रमाची मान्यता अजून ‘प्रस्तावित’ असते, असं घडतं. तशा ठिकाणी पहिल्या तुकडीचा परीक्षा अर्ज भरायची वेळ आली की पळापळ सुरू होते.

बाहेर जायची तयारी असेल तर पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, सगळे त्याला रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात. भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. या ठिकाणी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तयारीसाठी रोज दोन मराठी दैनिकं आणि एक इंग्रजी दैनिक तीन महिने वाचणं हाच भरवशाचा उपाय; गाइड पुस्तकं चालू घडामोडींच्या मागे पडलेली असतात.

पायरी ३: कागद तपासा, घरबसल्या

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी बघाच, पण ती संपूर्ण संस्थेची असते. विज्ञान शाखेच्या जोरावर ‘ए’ श्रेणी मिळालेल्या महाविद्यालयात पत्रकारिता विभाग एका खोलीत आणि एका शिक्षकावर चाललेला असू शकतो. श्रेणीची मुदत कधी संपते, तेही पाहून ठेवा.

त्यानंतर अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि माध्यम कायद्याचा पेपर उघडा. अभ्यासक्रम ताजा आहे की नाही, हे पाच मिनिटांत कळायला याहून सोपी जागा नाही. १८६७ चा जुना मुद्रण व नोंदणी कायदा जाऊन वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. बदनामीचं कलम आधी भारतीय दंड विधानात ४९९-५०० होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. अभ्यासक्रमात अजून फक्त जुनीच कलमं असतील, माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ चा उल्लेख नसेल, तर तो पेपर कित्येक वर्षांत कुणी हातात घेतलेला नाही. विद्यापीठाचा अभ्यासक्रम जुना असला तरी चांगला शिक्षक वर्गात नवं शिकवतो, म्हणून एवढ्यावर नाव कापू नका. भेटीच्या वेळी हाच प्रश्न शिक्षकांना विचारा.

क्रेडिटचा तक्ताही वाचा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. एखाद्या सत्रात ‘व्हिडिओ निर्मिती – ४ क्रेडिट’ लिहिलं असेल तर त्यातले प्रात्यक्षिकाचे किती, ते पाहा. चारही थिअरीचे असतील तर मुलं व्हिडिओ निर्मितीवर टिपणं पाठ करून परीक्षा देतात, दुसरं काही नाही.

पायरी ४: विभागात जा

ही पायरी कितीही गडबड असली तरी टाळू नका. जायचं ते कामाच्या दिवशी, सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान. प्रवेशाच्या खिडकीवर थांबू नका, सरळ विभागात जा. सोबत आई-वडील असतील तर चांगलंच, पण प्रश्न तुम्ही विचारा.

पहिली मागणी: मुलांनी काढलेल्या प्रायोगिक अंकाचे मागचे सहा अंक. एखादाच रंगीत वार्षिकांक पुढे केला तर नम्रपणे म्हणा, ‘सर, दर महिन्याचे असतील तर बघायचे होते.’ अंक हातात आला की बातम्या मोजा. ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन’, ‘उत्साहात संपन्न’, ‘मोलाचे मार्गदर्शन’ या शब्दांच्या बातम्या किती? त्या प्रेसनोटवरून उतरवलेल्या असतात. आणि मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पडून, निदान दोन माणसांशी बोलून लिहिलेल्या बातम्या किती? मोंढ्यात आज सोयाबीनला काय भाव निघाला आणि हमीभावाशी किती फरक पडला, गावात टँकर ठरल्या दिवशी येतो का, कारखान्याला गेलेल्या ऊसतोड मजुरांची मुलं कुठल्या शाळेत बसतात. असे विषय मराठवाड्यात पावलापावलावर आहेत. दहातल्या चार बातम्या जरी अशा असतील तर तो विभाग शिकवतो आहे, असं समजा. लेखकाचं नाव प्रत्येक बातमीवर आहे का, तेही बघा. नाव नसेल तर नोकरीच्या वेळी कात्रण दाखवून उपयोग नाही.

दुसरी मागणी: साधनं दाखवा. इथे आकड्यांचा हिशेब करा. तुकडीत ३० मुलं, पाच-पाचांचे सहा गट आणि विभागात चालू स्थितीतला कॅमेरा एक. आठवड्याला दोन तासांचं एक प्रात्यक्षिक धरलं तर प्रत्येक गटाची पाळी सहा आठवड्यांनी येते. साधारण पंधरा आठवड्यांच्या सत्रात गटाला कॅमेरा दोन-तीनदा मिळतो, आणि गटातही तो एकाच्याच हातात असतो. म्हणजे पाचातल्या दोघा-तिघांनी अख्ख्या सत्रात बटण दाबलेलं नसतं. ३० मुलांमागे निदान तीन कॅमेरे, तेवढेच ट्रायपॉड, दोन-तीन कॉलर माइक आणि तुकडीतल्या दर दोन मुलांमागे एक चालू संगणक, एवढं हवंच. मोबाइलवर चित्रीकरण शिकवत असतील तर तेही उत्तम, आज बहुतेक बातम्यांचे व्हिडिओ मोबाइलवरच होतात. पण मग बाहेरचा माइक हवा. मोबाइलच्या स्वतःच्या माइकवर रस्त्यावरची मुलाखत घेतली की वारा आणि हॉर्न ऐकू येतात, माणूस नाही.

कॅमेरा कपाटातून काढून दाखवतील. त्यांना विनंती करा की त्यातल्या कार्डवरची शेवटची फाइल दाखवा, आणि तिची तारीख वाचा. मागच्या आठवड्याची असेल तर शंका नको. मागच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची असेल तर उत्तर मिळालं. साहित्य नेल्या-आणल्याची नोंदवही असेल तर तिच्यात मुलांच्या सह्या किती आणि कर्मचाऱ्यांच्या किती, हेही दिसतं.

संगणकापाशी मराठी टायपिंगची चौकशी करा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण पहिल्या नोकरीत इथेच अडतं. अनेक दैनिकांत पानं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर लागतात आणि संकेतस्थळावर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरपद्धत, लागतं. एकातला मजकूर दुसऱ्यात चिकटवला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ‘र्‍य’चा पत्ता नसतो. कन्व्हर्टर वापरून नंतर मुद्रितशोधन करायला शिकवलं जातं का? भारतीय भाषांसाठीचा प्रमाण इनस्क्रिप्ट कळफलक शिकवतात की मुलं मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवतात? पानमांडणीला इनडिझाइन किंवा क्वार्क, व्हिडिओला प्रीमियर किंवा मोफत मिळणारं दा विन्ची रिझॉल्व्ह, यांतलं काय संगणकावर खरोखर सुरू होतं, ते उघडून दाखवायला सांगा.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणारे, किती, हे थेट विचारा. यात कुणाचा अपमान नाही. तासिकेवर येणारा अनुभवी पत्रकार फार मोलाचा असतो. पण सगळाच विभाग तासिकेवर असेल तर नेमणुकांचे आदेश निघेपर्यंत सत्राचे पहिले दीड-दोन महिने रिकामे जातात आणि मग शेवटी उरकाउरकी होते. निदान दोन पूर्णवेळ शिक्षक, त्यांतल्या एकाला तरी वृत्तपत्र, आकाशवाणी किंवा वाहिनीत काम केल्याचा अनुभव, अशी अपेक्षा ठेवा. वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. त्या तासाला त्या खोलीत वर्ग चालू आहे का, ते जाता जाता बघा.

शेवटी कँटीनमध्ये किंवा झाडाखाली बसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा, शिक्षक सोबत नसताना. ‘कॉलेज कसं आहे?’ असं विचारलं तर ‘चांगलंय’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात तू कुठली बातमी लिहिलीस? ती कुणी तपासली, आणि लाल पेनाने काय बदललं? इंटर्नशिपला कुठे गेलास, किती दिवस? तिथे बातम्या दिल्या की जाहिराती आणायला लावल्या? हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. नव्या मुलाला विशेष पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायला लावणं हा छोट्या दैनिकांतला जुना रोग आहे, आणि जे महाविद्यालय मुलांना अशा ठिकाणी पाठवतं, त्याने इंटर्नशिप फक्त कागदावर पूर्ण केलेली असते. चार क्रेडिटची इंटर्नशिप म्हणजे १२० तास. एवढ्या तासांत मुलगी निदान पंधरा-वीस बातम्या लिहू शकते. जिल्हा माहिती कार्यालय, आकाशवाणीची छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव ही केंद्रं, दैनिकांची जिल्हा कार्यालयं, यांच्याशी विभागाचा लेखी करार आहे का, तेही कळेल.

माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत फलकावरच्या फोटोंकडे बघू नका. तेच तीन-चार चेहरे वर्षानुवर्षं असतात. मागच्याच तुकडीतली दहा नावं घ्या आणि ती मुलं आज काय करतात ते विचारा.

शिक्षण मराठीतून की इंग्रजीतून, हा प्रश्न इथेच मिटवून टाका. जिल्हा परिषद शाळेतून मराठीत शिकलेल्या मुलाने इंग्रजीच्या भीतीने किंवा हौसेने निर्णय घेऊ नये. उत्तरं मराठीत लिहिता येतात का, संदर्भपुस्तकं कोणत्या भाषेत आहेत आणि अनुवादाचा स्वतंत्र पेपर आहे का, हे तीन प्रश्न पुरेत. अनुवादाचा पेपर असलेला अभ्यासक्रम घ्या. वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर वीस मिनिटांत वाचनीय मराठीत आणणं हे संपादकीय डेस्कवरचं रोजचं काम आहे.

पायरी ५: पैशाचा हिशेब

पत्रकारितेचे बहुतेक पदवी अभ्यासक्रम विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर चालतात, त्यामुळे त्याच महाविद्यालयातल्या साध्या बी.ए.पेक्षा शुल्क जास्त असतं. पहिल्या वर्षाचा आकडा ऐकून निघू नका. तिन्ही वर्षांचं शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, प्रयोगशाळा शुल्क, अभ्यास दौरा, अनामत, हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. त्यात राहण्या-जेवण्याचा खर्च मिळवा. समजा मेसचे महिन्याला ३,००० आणि खोलीतल्या वाट्याचे २,००० असतील, तर दहा महिन्यांचे ५०,००० होतात आणि तीन वर्षांचे दीड लाख. घराजवळचं महाविद्यालय सुमार असेल आणि शहरातलं चांगलं असेल, तर या दीड लाखाच्या बदल्यात काय मिळतं, हा खरा प्रश्न आहे. वसतिगृहात जागा मिळाली तर गणित बदलतं, म्हणून वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी भरा.

शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आधीच जाऊन महाविद्यालय निवडा आणि अभ्यासक्रमांच्या यादीत तुमची पदवी दिसते का ते बघा. दिसत नसेल तर ‘होऊन जाईल’ या आश्वासनावर प्रवेश घेऊ नका. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी मदत देणाऱ्या स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. इतर मागासवर्गीयांसाठी तशीच ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खाजगी विद्यापीठात प्रवेश घेणार असाल तर कोणत्या योजना तिथे लागू होतात, ते लेखी घ्या, कारण बऱ्याच होत नाहीत. मुलींच्या शुल्कमाफीचंही तसंच: ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तुमचा अभ्यासक्रम त्यात धरला जातो का, हे शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाकडून शुल्क भरण्याआधी खात्री करून घ्या.

पायरी ६: कागदपत्रं आणि प्रवेश

निकालाची वाट न बघता उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रांवर आणि तहसीलमध्ये गर्दी उसळते, आणि एका दाखल्यासाठी शिष्यवृत्तीची मुदत हुकते. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, ते बँकेत जाऊन बघा. शिष्यवृत्ती मंजूर होऊन खात्यात न येण्याचं ते नेहमीचं कारण आहे. गुणपत्रक, टीसी आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच हवं. एकावर ‘ज्ञानेश्वर’ आणि दुसऱ्यावर ‘न्यानेश्वर’ असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. पदवीनंतर नांदेडच्या विद्यापीठातून संभाजीनगरला एम.ए.ला जाणार असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अंतिम निकालाच्याच आठवड्यात करा.

प्रवेश घेताना मूळ कागदपत्रं पडताळून परत मागा. टीसी मात्र जमा करावी लागते, तिच्या तीन साक्षांकित प्रती आधी काढून ठेवा. मूळ गुणपत्रकं अडवून ठेवायची नाहीत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे. प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतात, तेही त्यातच ठरवून दिलं आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण रक्कम, शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के, त्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काहीच नाही. म्हणून प्रवेशाची शेवटची तारीख फलकावरून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, शुल्काची पावती संस्थेच्या शिक्क्यासह घ्या, आणि रद्द करायची वेळ आलीच तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख टाकून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.